मठाच्या बागेतला वाटाणा आणि शेतातला तांबेरा



गहू आणि निदण यांचा दाखला मिस्सामध्ये वाचला जातो त्या रविवारी प्रवचन झाल्यावर मंदिराबाहेर हमखास शेतीच्या गप्पा सुरू होतात. निदण डोळ्यांना दिसते, कापणीपर्यंत थांबून ते वेगळे काढता येते. पण गव्हाच्या पानावर एका रात्रीत तांबूस भुकटी उठते, बोट लावले तर बोट गेरूसारखे माखते, त्याचे काय करायचे? त्या तांबेऱ्याला उपटता येत नाही. शेजारच्या वावरातला गहू हिरवा राहतो आणि आपला करपतो, असेही घडते. माती तीच, पाणी तेच, वारा तोच. मग फरक कशात? फरक बियाण्यात, हे आज शाळेतले मूलही सांगेल. परंतु हे उत्तर ज्यांच्यामुळे मिळाले ते एक कॅथलिक धर्मगुरू होते, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून या अंकात आम्ही फादर ग्रेगोर मेंडेल यांचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत.

तांबेरा हा फार जुना शत्रू आहे. प्राचीन रोमन लोकांनी त्याचा एक देवच मानला होता. रोबिगस त्याचे नाव. दरवर्षी २५ एप्रिलला त्याला तांबड्या रंगाच्या कुत्र्याचा बळी देऊन, आमच्या गव्हाला हात लावू नकोस, अशी विनवणी करीत. पुढे ख्रिस्तसभेने ती प्रथा बंद केली आणि त्याच तारखेला, म्हणजे संत मार्कच्या सणाला, पिकांसाठी प्रार्थना करीत शेतांतून मिरवणूक काढण्याची रीत घातली. युरोपातल्या खेड्यापाड्यांत ही मिरवणूक कित्येक शतके चालू होती. मेंडेल ज्या खेड्यात वाढले तिथला शेतकरी कॅथलिकच होता. बुरशी म्हणजे काय हे त्याला माहीत नसले तरी पीक बुडाले म्हणजे काय होते ते त्याला चांगले माहीत होते.

योहान मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आता तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन हे लहान शेतकरी. आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे, उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती. आई रोझिन माळ्याच्या घराण्यातली. योहानला दोन बहिणी, थोरली व्हेरोनिका आणि धाकटी थेरेसिया. त्यांच्या धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर श्रायबर यांना फळझाडांचा मोठा नाद होता. ते लोकांना चांगल्या जातींची कलमे वाटत आणि मुलांना कलम बांधायला शिकवत. योहानने झाडाला हात लावायचे पहिले धडे तिथेच गिरवले. धर्मग्रामाच्या फादरांनी मिस्सा आणि धर्मशिक्षण यांपलीकडे जाऊ नये असे म्हणणारे काही जण असतात, त्यांनी फादर श्रायबर यांची आठवण ठेवावी.

मुलगा हुशार निघाला, पण घरात पैसा नव्हता. १८३८ साली वेठीचे काम करताना वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका कोसळला आणि ते कायमचे अधू झाले. योहान तेव्हा सोळा वर्षांचा होता. शिकवण्या करून, कधी अर्धपोटी राहून त्याने माध्यमिक शिक्षण पुरे केले. पुढे ओलोमोउत्स येथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमाला गेल्यावर तो आजारी पडला आणि त्याचे एक वर्ष फुकट गेले. शिक्षण तिथेच थांबले असते. परंतु धाकट्या थेरेसियाने आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या हुंड्यातला वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. आमच्या मते या चरित्रातली सर्वांत मोठी देणगी हीच. पुढे मेंडेल यांनी तिच्या तीन मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

ओलोमोउत्सच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी शिफारस केली आणि १८४३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, योहान ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. तिथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. मठात येण्यामागे पोटाची चिंता मिटावी हाही एक हेतू होता आणि मेंडेल यांनी तो कधी लपवला नाही. पाचारण नेहमीच ढगांतून आवाज आल्यासारखे येत नाही. कधी ते शाळेच्या फीच्या काळजीतूनही येते. हे लिहिताना आम्हांला आमच्या सेमिनरीतले काही चेहरे आठवतात. त्यांतले बरेच जण आज उत्तम धर्मगुरू आहेत.

मठाचे प्रमुख मठाधिपती सिरिल नाप हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. ब्रनो हे लोकरीच्या व्यापाराचे शहर, त्यामुळे चांगल्या मेंढ्यांची पैदास कशी करावी यावर तिथे जाणकारांच्या बैठका होत. आईबापांकडून पिल्लाकडे नेमके काय जाते आणि कसे जाते, हा खरा प्रश्न आहे, असे नाप यांनी त्या मंडळींसमोर मेंडेल मठात येण्याच्या काही वर्षे आधीच मांडले होते. मठात ग्रंथालय होते, बाग होती आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक होती. ख्रिस्तसभा आणि विज्ञान यांचे वैर आहे असे आपल्या मुलांना कॉलेजात ऐकायला मिळते. गॅलिलिओचे उदाहरण त्यांना लगेच दिले जाते. ते प्रकरण घडले आणि ख्रिस्तसभेची त्यात चूक झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यांना ब्रनोच्या मठाविषयीही कोणी सांगावे.

१८४७ साली मेंडेल यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांना रुग्णांची आत्मिक सेवा करण्यास पाठवले. ते त्यांना जमले नाही. माणसांच्या यातना पाहून ते स्वतःच आजारी पडू लागले. नाप यांनी हे ओळखून त्यांना त्या कामातून मोकळे केले आणि १८४९ साली एका शाळेत बदली शिक्षक म्हणून धाडले. शिकवणे त्यांना मनापासून आवडले, विद्यार्थ्यांनाही ते आवडले. कायमची नेमणूक मिळण्यासाठी १८५० साली ते व्हिएन्नाला शिक्षकाची परीक्षा द्यायला गेले आणि नापास झाले. नापास झाले तेही निसर्गविज्ञानातच! नंतर दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात शिकून १८५६ साली ते पुन्हा परीक्षेला बसले, परंतु याही खेपेला ती पुरी करू शकले नाहीत. ज्यांच्या नावाचा धडा आज जगभरच्या मुलांना परीक्षेत लिहावा लागतो, ते गृहस्थ जवळजवळ चौदा वर्षे शाळेत शिकवत राहिले ते बदली शिक्षक म्हणूनच. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत ज्या घरांत रडारड होते, त्या घरांसाठी आम्ही हा परिच्छेद मुद्दाम लांबवला आहे.

व्हिएन्नातील दोन वर्षे मात्र वाया गेली नाहीत. भौतिकशास्त्रात मोजणी कशी करतात आणि वनस्पतीचे शरीर पेशींनी कसे घडते, हे त्यांनी तिथे चांगल्या गुरूंपाशी शिकून घेतले. मेंडेल यांनी छापलेले पहिले लिखाण पिकांच्या कीडरोगांविषयीच होते. १८५३ साली मुळ्याच्या पिकाची नासाडी करणाऱ्या अळीवर आणि पुढच्या वर्षी वाटाणा पोखरणाऱ्या भुंगेऱ्यावर त्यांनी छोटी टिपणे लिहिली. शेतकऱ्याचा मुलगा झगा घालूनही शेतकरीच राहिला.

आता वाटाण्याकडे येऊ. मठाच्या बागेत त्यांना सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद असा तुकडा मिळाला होता. आपल्याकडे एवढ्या जागेत मेथी-कोथिंबीर लावतात. त्यांनी वाटाण्याच्या ३४ जाती आणून दोन वर्षे नुसत्या पारखल्या, त्यांतल्या खात्रीच्या २२ ठेवल्या आणि १८५६ पासून आठ वर्षे प्रयोग केले. एकूण अठ्ठावीस हजारांच्या आसपास झाडे त्यांच्या हाताखालून गेली. वाटाण्याच्या फुलात परागीभवन आतल्या आत होते. म्हणून फूल उमलण्याआधी कळी उघडून त्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग ब्रशने लावायचे आणि वर पिशवी बांधायची. आपल्या ज्या भगिनींनी कपाशीच्या सीडप्लॉटवर मजुरी केली आहे त्यांना हे काम वेगळे समजावून सांगायला नको. मान किती दुखते तेही त्या जाणतात.

त्यांनी गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला. आलेले सर्व दाणे गोल. सुरकुती कुठे दिसेना. त्या काळातले बहुतेक विद्वान म्हणत की आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे मिसळतात, आणि एकदा मिसळले की वेगळे होत नाहीत. मेंडेल यांनी तेच गोल दाणे पेरले आणि त्यांना आपापसांत फळू दिले. पुढच्या पिढीत ७,३२४ दाणे हाती आले. बसून मोजले, तर ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे तीनास एक. सुरकुती हरवली नव्हती, आजीचे नाक नातीला यावे तशी ती एक पिढी गाळून परत आली होती. पिवळा-हिरवा रंग, उंच-बुटके झाड, फुलांचा रंग, अशा सात गुणांत त्यांनी हेच पाहिले आणि प्रत्येक वेळी उत्तर जवळपास तेच आले.

यावरून त्यांनी जे ताडले ते असे. प्रत्येक गुणासाठी झाडाला दोन घटक मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक घटक प्रभावी असला तर दुसरा झाकला जातो, पण तो नष्ट होत नाही. बीज तयार होताना ही जोडी सुटते आणि प्रत्येक बीजात एकच घटक जातो. कोणता जाईल तो दैवाचा कौल, पण हजारो दाणे मोजले तर त्या कौलालाही हिशेब असतो. या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा एक विचार घोकला होता, की वस्तूत जे प्रत्यक्ष दिसते त्याखेरीज तिच्यात सुप्त शक्यताही असते. परीक्षेत आम्ही त्यावर पाने भरली. खरे सांगायचे तर तो विचार आम्हांला समजला तो नंतर, मेंडेल यांच्या वाटाण्यावरून.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत त्यांनी ब्रनोच्या निसर्ग अभ्यास मंडळासमोर आपले निष्कर्ष दोन सभांत वाचून दाखवले. पुढच्या वर्षी निबंध छापला. मंडळाचा अंक युरोपातल्या शंभराहून अधिक संस्थांकडे जात असे, शिवाय मेंडेल यांनी वेगळ्या चाळीस प्रती काढून घेतल्या होत्या. परिणाम काहीच नाही. म्युनिचचे एक नामांकित प्राध्यापक नेगेली यांच्याशी त्यांचा काही वर्षे पत्रव्यवहार झाला. नेगेलींना त्यातले मर्म कळले नाही. उलट त्यांच्या आवडीच्या एका रानफुलावर मेंडेल यांनी कष्ट घेतले. ते फूल इतके बारीक की डोळ्यांना त्रास होऊ लागला. आणि ते फूल बहुधा परागाशिवायच बी धरते, हे तेव्हा कोणालाच माहीत नसल्यामुळे सगळी मोजणी फसली. आपला शोध फक्त वाटाण्यापुरताच खरा तर नाही ना, अशी शंका घेण्याची पाळी त्यांच्यावर आली.

१८६८ साली नाप यांच्या निधनानंतर मेंडेल मठाधिपती निवडले गेले आणि प्रयोग हळूहळू मागे पडले. मधमाश्या आणि हवामानाच्या नोंदी तेवढ्या त्यांनी सोडल्या नाहीत. १८७० साली ब्रनोवरून गेलेल्या चक्रीवादळाचे त्यांनी केलेले वर्णन आजही अभ्यासक वाचतात. पण त्यांची शेवटची दहा वर्षे गेली ती एका भांडणात. १८७४ साली सरकारने मठांच्या मालमत्तेवर नवा कर बसवला. मेंडेल यांनी तो अन्यायाचा ठरवून भरायचे साफ नाकारले. सरकारने मठाच्या उत्पन्नावर टाच आणली, मित्रांनी समजावले, मठातल्या बंधूंनीही समजावले, पण ते हटले नाहीत. माणसे तुटली. त्यांचे चुकले की बरोबर होते? आम्ही यावर बराच विचार केला. कायदा सर्व मठांना होता आणि इतर मठांनी तडजोड केली. मठाचे धन हे मठाच्या कार्यासाठी आहे, हा त्यांचा मुद्दा खरा होता. पण दहा वर्षे त्यापायी गेली आणि बाग ओस पडली, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. चांगला माणूस हट्टी असू शकतो, एवढेच आम्ही म्हणू.

६ जानेवारी १८८४ रोजी, प्रभुप्रकटनाच्या सणादिवशी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या मिस्साला पुढे विख्यात झालेले संगीतकार लेओश यानाचेक यांनी साथ केली. ब्रनोच्या लोकांनी एका दयाळू मठाधिपतीला आणि गोरगरिबांच्या आधाराला निरोप दिला. थोर शास्त्रज्ञ गेला हे कोणाच्या गावीही नव्हते. त्यांच्या कागदपत्रांपैकी बहुतेक मागाहून जाळले गेले.

१९०० साली तीन देशांतल्या तीन अभ्यासकांना वेगवेगळे प्रयोग करताना तेच तीनास एक हे प्रमाण आढळले आणि जुने अंक चाळताना मेंडेल यांचा निबंध सापडला. आता हा शोध तांबेऱ्यापर्यंत कसा पोचला ते सांगायला हवे. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे रोलंड बिफेन हे गव्हावर काम करीत होते. पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा गहू आणि त्याला दाद न देणारा गहू यांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीतले प्रत्येक रोप तांबेऱ्याने माखले. आपल्यापैकी कोणीही अशा वेळी म्हटले असते की प्रयोग फसला, वावर नांगरून टाका. बिफेन यांनी मेंडेल वाचले होते. त्यांनी त्याच रोगट रोपांचे बी जपून पेरले. पुढच्या पिढीत तीन रोपे रोगट तर एक स्वच्छ, असा हिशेब निघाला. आणि ती स्वच्छ रोपे पुढेही स्वच्छच राहिली. १९०५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. रोगाला तोंड देण्याची ताकद ही नशिबाची गोष्ट नसून वाटाण्याच्या सुरकुतीसारखीच ती वारशाने येते, हे प्रथमच दाखवले गेले. रशियातल्या एका गव्हाची ताकद घेऊन त्यांनी १९१० साली लिटल जॉस नावाची जात शेतकऱ्यांना दिली आणि ती तिकडे बरीच वर्षे टिकली. पुढे असे दिसले की पुष्कळ पिकांत प्रतिकाराचा घटक प्रभावी असतो, बिफेन यांच्या गव्हात तो झाकलेला होता. मात्र वारशाचा नियम दोन्हीकडे एकच.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण प्रतिकारक बियाणे एकदा घेतले की कायमचे निभावले, अशी समजूत आपल्याकडे आहे. तांबेरा हीसुद्धा जिवंत वस्तू आहे आणि तिलाही जनुके आहेत. अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते. कुलूप आणि किल्ली म्हणा. बुरशीतले जनुक बदलले की कालपर्यंत टिकलेला गहू आज तांबडा होतो. १९९९ साली युगांडातल्या काळ्या तांबेऱ्याच्या एका नव्या प्रकाराने असेच केले. जगभरच्या गव्हात ज्या एका जनुकावर भिस्त होती तेच निकामी ठरले आणि गहू संशोधकांची धांदल उडाली. सगळ्या शिवारात एकच वाण पेरणे म्हणजे सगळ्या घरांना एकच कुलूप लावणे. शक्य असेल त्यांनी दोन-तीन वाण पेरावेत, आणि घरचेच बी वर्षानुवर्षे वापरत असाल तर अधूनमधून ते बदलावे.

आपल्याकडचा धागा पाहायचा तर फार लांब जावे लागत नाही. आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवले की मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही, तो डोंगराळ प्रदेशात जगतो आणि तिथून वाऱ्यावर पुन्हा खाली येतो. आपल्याकडे येणारा काळा तांबेरा मुख्यतः दक्षिणेकडच्या निलगिरी आणि पळणी डोंगरांतून येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू तांबेरा संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे. थंड, दमट हवेत तांबेरा सुखाने वाढतो, त्यामुळे कोणता गहू टिकतो आणि कोणता नाही याची पारख तिथे चांगली होते. सहलीला गेल्यावर स्ट्रॉबेरी खाऊन आपण परत येतो, पुढच्या वेळी या केंद्राचीही चौकशी करावी. निफाडच्या केंद्राने दिलेले त्र्यंबक आणि तपोवन हे वाण आपल्यातले काही शेतकरी पेरतात. पिशवीवर तांबेरा प्रतिकारक असे छापलेले असते. त्या दोन शब्दांमागे मठातल्या बागेपासूनचा सगळा हिशेब आहे.

२०२१ साली, जन्माच्या द्विशताब्दीच्या तयारीत, ऑगस्टिनियन बंधूंच्या संमतीने ब्रनोच्या दफनभूमीतली मेंडेल यांची कबर उघडण्यात आली आणि त्यांच्या अस्थींतून त्यांचाच जनुकीय वारसा वाचण्यात आला. मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे आजार यांकडे झुकणाऱ्या खुणा त्यात मिळाल्या. त्याच मठात आजही ऑगस्टिनियन बंधू राहतात, आणि ज्या जागेवर वाटाणे लावले होते ती जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवली जाते.